सीमध्ये ठेवलंय

१

तेराव्याला आलेली माणसं गेली, भाड्याच्या सतरंज्या परत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्मेष पुन्हा दारात उभा राहिला. मला वाटलं, काहीतरी विसरून गेला असेल.

"काकू, ही वेळ नाही, मला कळतंय," तो म्हणाला. "पण काकांची शेवटची फाइल चोरीला गेलीय."

मी त्याला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. खरं तर मला धक्का बसायला हवा होता. पण हे गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. दसऱ्याच्या दुपारी जेवून जरा आडवे झाले आणि उठलेच नाहीत, इतकं साधं मरण. आल्यागेल्या बायका म्हणत, लतिकाताई, रडून घ्या, मोकळं वाटेल. मी मान हलवायचे आणि चहाचं आधण ठेवायचे. रडू येत नव्हतं, त्याला मी तरी काय करणार?

हे म्हणजे दीनानाथ, माझे यजमान. सरकारी अनुवादाच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये बसून माझ्या भाजी चिरण्यातही चुका काढू लागले. मीच मग त्यांना उन्मेषच्या गुडगावच्या ऑफिसात पाठवलं. उन्मेषला मी मराठी मंडळाच्या गणपतीत नाकातला शेंबूड पुसत फिरताना पाहिलेलं आहे. आता त्याची स्वतःची अनुवादाची कंपनी आहे. परदेशी कंपन्यांची माहितीपुस्तकं तो मराठी-हिंदीत करून देतो.

ह्यांच्याकडे डायलिसिसच्या यंत्राचं पुस्तक होतं. घरी कॉपी ठेवायची नाही, अशी त्या कंपनीची अट होती. म्हणून ऑफिसात असलेला एकुलता एक पेन ड्राइव्ह हे घरी आणायचे आणि त्याच्यावरच काम करायचे. दसऱ्याला सकाळी तो घेऊन गेले, ऑफिसच्या मशीनवर फाइल ठेवली, नियमाप्रमाणे पेन ड्राइव्ह पुसून खिळ्याला अडकवला आणि जेवायला घरी आले.

"आणि आता मशीनवर काही नाही," उन्मेष म्हणाला. "कृतिकाने पुसली."

कृतिका मला माहीत होती. परभणीकडची मुलगी, मुनिरक्यात खोली घेऊन कलेक्टर व्हायच्या परीक्षेचा अभ्यास करायची आणि खर्चापुरतं अर्धा दिवस ह्यांच्या हाताखाली काम करायची. अंत्ययात्रेला आली होती. मागे उभी राहिली आणि कुणाशी न बोलता गेली.

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय? काका तिला सांगून गेले, सीमध्ये ठेवलंय. हे तिचंच म्हणणं. नंतर म्हणते, सीमध्ये काही नाही. आणि मधल्या काळात बाईसाहेब नोएडाला सुजयकडे जाऊन आल्या. सुजय माहिताय ना, माझा जुना पार्टनर? मी तिच्या वडिलांना फोन केला. म्हटलं, पोलिसात देतो. ते म्हणाले, साहेब, देऊ नका, मी तिला घरी घेऊन जातो. उद्या सकाळी येतायत."

"म्हणजे तिची परीक्षा बुडाली."

"काकू, परीक्षेचं काय घेऊन बसलात? माझं काम हातचं चाललंय."

मला त्या मुलीची दया आली म्हटलं तर ते खोटं होईल. पण मी कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या स्वागतकक्षात नोकरी काढलेली बाई आहे. साहेबांचे चष्मे, पाहुण्यांची घड्याळं, कुणाच्या कानातल्या कुड्या, चोरीला गेल्याची बोंब रोज माझ्याच टेबलापुढे व्हायची. बोंब मारणारा माणूस सगळीकडे शोधतो आणि एक जागा सोडतो, हे मला तिथे कळलं. कुठली जागा सोडली ते शोधायचं, की झालं.

मी साडी बदलली आणि त्याच्या गाडीत जाऊन बसले.

२

उन्मेषचं ऑफिस एका काचेच्या इमारतीत आहे. समोर म्हशी बसतात आणि मागे मॉलचं बांधकाम चालतं. वीज गेली होती, जनरेटर धडधडत होता. ह्यांच्या खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं. मी खुर्चीकडे पाहिलं आणि मग गौरवकडे वळले.

गौरव म्हणजे उन्मेषचा कॉम्प्युटरवाला. तो नोकरीत नव्हता, अशी बरीच ऑफिसं सांभाळायचा. जन्म करोलबागेतला, त्यामुळे मराठी बोलताना निम्म्या वाटेवर हिंदीच्या बसमध्ये चढायचा.

"मला अगदी पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "मला यातलं काही कळत नाही असं समज. ते खरंच आहे."

"काकू, पहले इथे विंडोज होतं, चोरीचं. मग आसपासच्या ऑफिसांत चेकिंग सुरू झालं. उन्मेष सर घाबरले. विंडोज काढलं आणि लिनक्स टाकलं, ते फ्री असतं. लेकिन सगळ्यांना जुनं वर्डच पाहिजे. मराठीचे फाँट त्याच्यातच नीट चालतात. वर्ड आपण रीतसर घेतलेलं होतं, पण ते बनलंय विंडोजसाठी. तर ते लिनक्सवर चालवायला मध्ये एक प्रोग्राम लागतो. त्याचं नाव वाईन."

"नाव ऐकून सुरेखाबाईंनी नाक मुरडलं होतं," उन्मेष पाठीमागून म्हणाला. सुरेखा म्हणजे त्याची हिशेबनीस. ती आज रजेवर होती.

"तर तो वाईन काय करतो," गौरव म्हणाला, "वर्डला फसवतो. वर्डला वाटलं पाहिजे की आपण विंडोजमध्येच आहोत. वर्ड विचारणार, सी ड्राइव्ह कुठाय? तर त्याला एक खोटी सी ड्राइव्ह दाखवायची. शाळेच्या नाटकात पुठ्ठ्याचं घर असतं ना, तसं समजा."

"म्हणजे सी खरी नाहीच?"

"फाइल खरी, सी खोटी. आणि ही सी प्रत्येकाची वेगळी असते. मशीन सुरू केलं की नाव आणि पासवर्ड घालावा लागतो ना? ज्याच्या नावाने उघडलं, त्याची सी. मी प्रत्येक मशीनवर आधी सरांच्या नावाने टाकून बघितलं, चाललं, मग स्टाफच्या नावाने टाकलं."

"म्हणजे एकाच मशीनवर ह्यांची सी वेगळी आणि कृतिकाची वेगळी?"

"बिल्कुल."

"मग त्या पोरीने तिच्या सीमध्ये पाहिलं असणार. फाइल ह्यांच्या सीमध्ये आहे. झालं की."

गौरवने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाईट वाटत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"काकू, मी सबसे पहले तेच केलं. काकांच्या नावाने उघडलं. रिकामी. कृतिकाच्या नावाने उघडलं, ती पण रिकामी. कचऱ्याचा डबासुद्धा बघितला. आणि एक गोष्ट सरांना सांगावी लागली. काकांचा पासवर्ड आणखी एका माणसाला माहीत होता. कृतिकाला."

"दसऱ्याला तू इथे होतास?"

"नाही, पानिपतला. तिथल्या एका हातमागवाल्याचे कॉम्प्युटर बसले होते."

३

उन्मेषच्या केबिनमधून मी सुजयला फोन लावला. उन्मेष नको नको म्हणत होता. दोघांचं वाजलेलं, एकमेकांचं नाव काढलं तरी पोटात दुखायचं.

सुजयला हे गेल्याचं कळलं होतं. तो जरा वेळ ह्यांच्याबद्दल चांगलं बोलला. मी ऐकून घेतलं. अशा वेळी सगळेच चांगलं बोलतात, आणि आपणही हूं हूं करायचं असतं.

मग मी म्हटलं, "कृतिका तुझ्याकडे आली होती?"

"आली होती. काका गेल्यानंतरच्या आठवड्यात. मीच बोलावलं होतं."

"कशाला?"

तो म्हणाला, "तुमच्यापाशी खोटं बोलून काय करू? ते डायलिसिसवालं काम मला हवं होतं. तिला म्हटलं, फाइल आण, पूर्ण पगाराची नोकरी देतो. ती म्हणाली, फाइल सापडत नाहीये, आणि सापडली असती तरी दिली नसती. चहासुद्धा न घेता उठली. उन्मेषला सांगा, माणसं ओळखायला शिक म्हणावं."

फोन ठेवला तेव्हा उन्मेष हसत होता. "तो असंच बोलणार ना, काकू? चोराच्या वतीने चोर."

"त्या कंपनीचा फोन येतो तुला?"

"रोज येतो. पुस्तक कुठाय, पुस्तक कुठाय."

"मग विचार कर. फाइल सुजयच्या हाती लागली असती तर तो ती घेऊन केव्हाच त्यांच्या दारात गेला असता. ते तुला कशाला फोन करत बसले असते?"

उन्मेषचं हसू गेलं, पण मत काही बदललं नाही. "मग पुसली असेल. रागाने. काका गेले, आता आपल्याला कोण ठेवणार म्हणून."

साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. पण त्याचं म्हणणं खोडून काढायला माझ्या हातात काही नव्हतं. फाइल ह्यांनी ठेवली होती आणि ती नव्हती. ह्यांच्या नावाने मशीन उघडू शकणारी दुसरी एकच व्यक्ती होती. तिचा बाप तिकडे गाडीत बसलासुद्धा असेल.

मी उन्मेषला सांगितलं, मला मुनिरक्याला सोड आणि तू वर येऊ नकोस.

४

मुनिरक्यातल्या त्या गल्लीत हात लांब केला तर समोरच्या घराची खिडकी लागते. कृतिकाची खोली वरच्या मजल्यावर होती. चार मुली, चार कॉट, भिंतीवर भारताचा नकाशा. बाकीच्या मुली मला पाहून पुस्तकं उचलून गच्चीवर गेल्या. कृतिकाची ट्रंक बांधून तयार होती.

मी बसले. तिने पाणी दिलं. आम्ही दोघी काही वेळ काहीच बोललो नाही, आणि मला ते बरं वाटलं. रडायला सांगितलं नाही असं ते पहिलंच माणूस होतं.

"तू पुसलीस का?" मी विचारलं.

"नाही."

"सुजयकडे गेलीस ते उन्मेषला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर पगार वाढवायला धमकी देते म्हणाले असते. नाही सांगितलं तर चोर म्हणाले." ती हे इतकं सपाट आवाजात म्हणाली, की दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय असं वाटलं. "काकू, मला आता त्याचं काही वाटत नाही. काही वाटायचंच बंद झालंय."

मला ते समजलं. मी तसं तिला म्हटलं नाही.

"वडील काय म्हणाले फोनवर?"

"म्हणाले, सामान बांध."

"तू केलंस का, असं विचारलं?"

"नाही." तिने ट्रंकेकडे पाहिलं. "घरी गेले की परत यायचं नाही. आत्याने स्थळ बघून ठेवलंय. बाबा दिल्लीला पाठवायला तयार नव्हते, मी खूप भांडून आले होते. आता सगळ्यांना म्हणता येईल, बघा, काय उजेड पाडला."

मी ते तसंच राहू दिलं आणि दसऱ्याचा दिवस विचारला.

"पूजेला सगळ्यांनी यायचं होतं. मी पोचले तेव्हा काका फाटकातून बाहेर पडत होते. म्हणाले, पूजेला थांबत नाही, घरी बायकोने श्रीखंड केलंय. फाइल सीमध्ये ठेवलीय, उद्या शांतपणे एकदा शेवटचं वाच. मग रिक्षात बसले. दुसऱ्या दिवशी काही वाचायचं सुचलंच नाही. नंतर उघडून बघितलं तर काही नव्हतं."

"ह्यांचा पासवर्ड तुला कसा ठाऊक?"

"रोज मीच उघडून द्यायचे त्यांचं मशीन. त्यांना ते जमायचंच नाही. कॉम्प्युटर म्हणजे टाइपरायटर, त्याला आपलं नाव कशाला सांगायचं, म्हणायचे. पासवर्ड मीच ठरवलेला. त्यांना तो माहीतसुद्धा नव्हता."

बाहेर कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. मी तिचं बोलणं मनात पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

"आणि दसऱ्याला कुणी उघडून दिलं?"

"मी नाही. मी तर उशिरा…" त्या दिवसात पहिल्यांदाच तिचे डोळे जागे झाल्यासारखे दिसले. "काकू, मी नव्हते. मग त्यांनी मशीन उघडलं कसं?"

५

सुरेखा सकाळी ऑफिसात आली तेव्हा मी तिच्या टेबलाशी बसलेली होते. गुलाबराव, म्हणजे कृतिकाचे वडील, मुनिरक्यात पोचले होते, तसा कृतिकाचा फोन आला होता. परतीची गाडी संध्याकाळची होती.

"दसऱ्याला सगळ्यात आधी कोण आलं?" मी विचारलं.

"सर आणि मी. रांगोळी मी काढते ना. मग दीनानाथकाका आले. म्हणाले, पूजा व्हायच्या आत मला जरा बसू द्या, नंतर तुम्ही हात लावू देणार नाही. बरोबर आहे ना काकू? एकदा हळदकुंकू वाहिलं की त्या दिवशी यंत्राला काम सांगायचं नाही. आमच्याकडे विळी-कातरीसुद्धा तशीच ठेवतात."

"त्यांचं मशीन कुणी उघडून दिलं?"

"कुणी कशाला द्यायचं? सगळी चालूच होती. सर दरवर्षी स्वतः लावतात. पाटीवर एक-एक आकड्यांची सरस्वती काढतात ना आपण, तिचं चित्र सगळ्या स्क्रीनवर लावायचं असतं. सरांची फार हौस. एकेका मशीनपुढे बसून लावत होते."

मी उठले आणि सगळ्यांना बोलावलं. उन्मेष केबिनमधून आला, गौरव मोटरसायकलवरून आला तो हेल्मेट हातात घेऊनच. मी ह्यांच्या टेबलाशी उभी राहिले. मशीनच्या कडेला वाळलेल्या कुंकवाचं बोट अजून होतं.

"गौरव, तू म्हणालास, ज्याच्या नावाने मशीन उघडलं त्याची सी."

"हां."

"ह्यांना आपला पासवर्ड ठाऊक नव्हता. रोज कृतिका उघडून द्यायची. दसऱ्याला ती आली तेव्हा हे घरी निघाले होते. म्हणजे त्या दिवशी ह्यांनी स्वतःच्या नावाने मशीन उघडलेलंच नाही. तिच्या नावानेही नाही. तरी हे इथे बसले, पेन ड्राइव्हवरची फाइल उघडली आणि सीमध्ये ठेवली. मग कुणाच्या?"

गौरवच्या डोक्यात आधी उजेड पडला. त्याने हळूच हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"सुरेखा म्हणते, मशीनं चालूच होती," मी म्हटलं. "पूजेसाठी लावून ठेवलेली. कुणी लावली?"

"मी," उन्मेष म्हणाला. "पण मी माझ्या…"

"तुझ्या नावाने लावलीस. ह्यांना त्यातलं काय कळणार? वर्डचं चित्र तिथेच होतं, सी तीच दिसत होती. ह्यांच्या हिशेबी सी म्हणजे कपाट, मशीनमागे एक. ठेवलं आणि गेले. पूजा झाल्यावर तू मशीन बंद केलंस, आणि त्यानंतर ह्या मशीनवर तुझं नाव कुणी घातलेलं नाही. तू बसतोस तुझ्या केबिनमधल्या मशीनवर."

"सरांच्या नावात मी बघितलंच नाही," गौरव म्हणाला. "परमिशन नव्हती. सर म्हणाले होते, माझ्या खात्याला हात लावायचा नाही, पगाराचं सगळं असतं. आणि सरांनी मशीनं लावली हे मला माहीतच नव्हतं, यार."

"आणि तुझी सीची गोष्ट इथे बाकी कुणाला नीट माहीत नव्हती," मी म्हटलं. "ज्याला एक ठाऊक त्याला दुसरं नाही. उन्मेष, बस आणि उघड."

तो बसेना. ह्यांच्या खुर्चीवर बसायचं म्हणून असेल, किंवा काय निघेल ते आधीच कळलं म्हणून असेल. "काकू, माझ्यात असती तर मला दिसली नसती का?"

"तू पाहिलंस?"

मग तो बसला. नाव घातलं, पासवर्ड घातला. स्क्रीनवर सरस्वती आली. वर्ड उघडायला त्या दोन सिस्टिमच्या भांडणात बराच वेळ लागला. मग त्याने सी उघडली. आत एकच फाइल होती.

सुरेखा तोंडातल्या तोंडात म्हणाली, "काखेत कळसा." पुढचं ती बोलली नाही.

उन्मेषने फाइल उघडली. पानंच्या पानं सरकत गेली. ह्यांचं मराठी मला लगेच ओळखू आलं. घाबरलेल्या रोग्याला समजावून सांगावं तसं लिहिलं होतं. मी ते वाचत उभी राहिले आणि मला वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. काम चांगलं झालंय, एवढंच मनात आलं.

उन्मेषने खिशातून फोन काढला. कंपनीला लावणार होता.

"तो नंतर," मी म्हटलं. "गाडी काढ."

"काकू, कृतिकाला मी फोन करून सांगतो ना. मेसेज टाकतो."

"तिच्या बापाला चोर म्हणून सांगितलंस ते तोंडाने सांगितलंस. हेही तोंडाने सांग. त्यांच्यासमोर उभा राहून."

६

खोलीत या वेळी सगळ्या मुली होत्या. मी त्यांना जाऊ दिलं नाही. गुलाबराव कॉटच्या कडेला अवघडून बसले होते. एसटीतले वाहक, डोक्याला टोपी, पायांशी पिशवी. उन्मेषला पाहून ते ताडकन उठून उभे राहिले.

उन्मेषने सगळं सांगितलं. थोडं अडखळला, पण सांगितलं. फाइल माझ्याच नावात होती. कृतिकाने काही केलेलं नव्हतं. मी न बघता आरोप केला, चूक माझी आहे. त्याच्या बाजूने एवढं मला म्हणायलाच हवं.

गुलाबरावांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "सापडली ना साहेब? लई बरं झालं. तुमचं नुकसान टळलं. मला रातभर घोर लागला होता, साहेबांचं काय झालं आसंल."

ते त्याचे आभार मानत होते. मी कृतिकाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि बापाच्या हातांकडे बघत होती.

मग ते तिच्याकडे वळले. "मंग तू घेतली नव्हती?"

"नव्हती."

"आगं, मला सांगायचं ना."

"तुम्ही विचारायचं ना, बाबा."

गुलाबरावांनी टोपी काढली आणि परत घातली. वाईट माणूस नव्हता तो. साहेबाचा फोन आला, साहेब म्हणतोय म्हणजे असणारच, पोरगी वाचवायची तर पाया पडून घेऊन यायची, एवढंच त्याला सुचलं असणार. जन्मभर तिकिटं फाडताना ज्याच्या अंगावर साहेबी कपडे त्याचं खरं मानायची सवय लागलेली. मला ते सगळं समजत होतं, आणि तरीही त्याच्या मुस्कटात मारावी असं वाटत होतं.

"मी येत नाही," कृतिका म्हणाली. "परीक्षा झाल्यावर बघू."

"आन् घरी काय सांगू?"

"खरं सांगा."

त्यांनी पिशवी उचलली. गाडीला अजून खूप अवकाश होता, पण त्यांना तिथे बसवेना. दारापर्यंत गेले, वळले, तिच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून हात उचलला. ती मागे सरकली नाही, पण पुढेही झाली नाही. तो हात खाली आला आणि ते जिना उतरून गेले. कृतिका त्यांना पोचवायला गेली नाही.

उन्मेष आणि मीही निघालो. जिन्यात तो सुस्कारा टाकून म्हणाला, "चला काकू, मिटलं एकदाचं."

"तुझं मिटलं," मी म्हटलं.

माझा आवाज इतका मोठा निघाला की खालच्या दुकानातल्या माणसाने वर पाहिलं. आणि तिथेच, त्या अंधाऱ्या जिन्यात, मला रडू आलं. उन्मेष घाबरला, पाणी आणू का म्हणाला, मी त्याला जा म्हटलं. मी द्वारकेची रिक्षा केली. पोरीचं निर्दोषपण सिद्ध झालं होतं, फाइल सापडली होती, तिची दिल्ली राहिली होती, आणि तिच्या बापाला तो एक प्रश्न तिला विचारायला आधी पुरावा लागला होता. आता तो प्रश्न कधीच वेळेवर विचारला जाणार नव्हता, आणि ही गोष्ट तिला आयुष्यभर माहीत असणार होती. मी तिच्यासाठी रडत होते, निदान मला तसं वाटत होतं. पालमच्या रेल्वे फाटकाशी रिक्षा अडकली तोवर ते ह्यांच्यासाठीही झालं होतं, आणि मग घर येईपर्यंत थांबलं नाही.